पुरस्कारांच्या यादीआधी कोंपा ऐक

हैतीचं संगीत ऐकायला घेतोयस, तर थेट पुरस्कारविजेत्यांपासून सुरुवात करू नकोस. आधी कोंपा, म्हणजे हैतीचं नृत्यसंगीत, कानात मुरू दे. 1955 च्या सुमारास सॅक्सोफोनवादक नेमूर जाँ-बातीस्त यांनी तो रुजवला. मग त्यांचे प्रतिस्पर्धी वेबेर सिको ऐक. त्या दोघांची चुरस म्हणजे काय विचारू नकोस! 1968 पासूनचा ताबू कोम्बो हा बँड तर चुकवूच नको. ग्रॅमी नामांकन मिळालेला बूकमन एक्स्पेर्यन्स मात्र कोंपाचा बँड नाही. तो मिझिक रासिनचा, म्हणजे मुळांशी नातं सांगणाऱ्या संगीताचा, हैतीच्या वोडू धर्मातल्या ढोलांवर उभा राहिलेला. म्हणून विजेता कोण यापेक्षा पुरस्काराचा विभाग कोणता, ते आधी बघ. मत द्यायचं असेल, तर गाणं पूर्ण ऐकूनच दे. कोंपाची गाणी लांबतात आणि खरी गंमत बहुतेकदा उत्तरार्धातच असते.