खेळाडूंचे पगार कमी केले तर आइस हॉकीची तिकिटं स्वस्त होतील का?

नाही, तिकिटाचा दर पगारावरून ठरत नाही. उलट तिकिटातून किती पैसा येतो त्यावर पगार ठरतात. मी नागपुरात अर्थशास्त्र शिकवतो आणि वर्गात हे कळमन्याच्या बाजारातल्या संत्र्यांवरून सांगतो: बागेत मजुरी वाढली म्हणून गिऱ्हाईक दोन पैसे जास्त देत नाही, भाव मागणीवर ठरतो. उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या आइस हॉकी लीगमध्ये याची परीक्षाच झाली. मालक-खेळाडूंच्या वादात 2004-05 चा अख्खा हंगाम रद्द झाला. त्यानंतर चालू करारांतले पगार 24 टक्क्यांनी कापले गेले आणि प्रत्येक संघाच्या पगारखर्चावर 3.9 कोटी डॉलरची मर्यादा आली. टोरांटोच्या संघाची तिकिटं तरीही महागच राहिली, कारण तिथे प्रेक्षक जास्त आणि खुर्च्या कमी. 2013 च्या करारापासून हॉकीच्या उत्पन्नाचे खेळाडू आणि मालक यांच्यात निम्मे-निम्मे वाटे होतात. म्हणजे पगारातून वाचलेला पैसा मालकाच्या खिशात जातो, प्रेक्षकाच्या नाही. आपल्याकडचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे: 2024-25 च्या हॉकी इंडिया लीगमध्ये (ही मैदानावरची हॉकी) हरमनप्रीत सिंग या खेळाडूवर 78 लाखांची बोली लागली, आणि प्रेक्षकांना प्रवेश फुकट होता!

एक मात्र खरं. जिथे खुर्च्या रिकाम्या राहतात त्या छोट्या शहरांत पगाराची मर्यादा संघाला तगवते, आणि असा संघ दर उतरवूनही गर्दी खेचू शकतो. पण तेही मागणी कमी म्हणूनच.