इंग्रजीत ‘गिफ्ट’ म्हणजे भेट आणि जर्मनमध्ये विष, हा योगायोग आहे का?

योगायोग नाही, शब्द एकच आहे. ‘देणे’ या अर्थाच्या जुन्या जर्मॅनिक धातूपासून (इंग्रजी ‘गिव्ह’, जर्मन ‘गेबेन’) तो आला. गिफ्ट म्हणजे जे दिलं ते. कोणी कोणाला काय दिलं, यावरून पुढे अर्थांना फाटे फुटले.

जर्मनमधला फाटा वैद्यांमुळे. औषधाच्या मात्रेला ग्रीकमध्ये ‘डोसिस’ म्हणत, शब्दशः ‘देणं’. तो लॅटिन वैद्यकात गेला आणि जर्मनांनी त्याच्यासाठी आपला ‘गिफ्ट’ वापरला. मग जीवघेण्या मात्रेचं नाव सरळ घ्यायला नको म्हणून आडून ‘गिफ्ट’ म्हणता म्हणता तेच विषाचं नाव झालं. जुना अर्थ ‘मिटगिफ्ट’मध्ये, म्हणजे हुंड्यात, अजून टिकून आहे. लिंगही पाहा: हुंडा स्त्रीलिंगी, ‘दी मिटगिफ्ट’; विष नपुंसकलिंगी, ‘दास गिफ्ट’. भेटीला तिथे ‘गेशेंक’ म्हणायचं. बाटलीवर ‘गिफ्टिग’ दिसलं तर ती विषारी, आणि ‘गिफ्टनोटरूफ’ ही विषबाधेसाठीची हेल्पलाइन.

डचमध्ये ‘गिफ्ट’ म्हणजे देणगी; विषाला आज बहुधा ‘गिफ’ किंवा ‘व्हेरगिफ’ म्हणतात.

स्वीडिशमध्ये खरी गंमत आहे. लिहायचं ‘गिफ्ट’, उच्चार ‘यिफ्ट’, आणि अर्थ दोन: विष आणि विवाहित. ‘एट यिफ्ट’ म्हणजे एक विष. ‘याग एर यिफ्ट’ म्हणजे माझं लग्न झालंय. फॉर्मवर ‘उयिफ्ट’ असेल तर अविवाहित. यावरून ‘लग्न म्हणजे विष’ असे विनोद होतात, पण उगम तसा नाही. लग्नात मुलगी देतात, म्हणून तो शब्द. आपण ‘लेक साताऱ्याला दिली’ म्हणतो, अगदी तसंच. विषाचा अर्थ मात्र जर्मनकडून आला.

इंग्रजीतही हा शब्द आधी ‘यिफ्ट’ असाच उच्चारत आणि त्याचा अर्थ वधूमूल्य होता. अनेकवचनात तर थेट लग्न. आजचा कडक ‘ग’ आणि भेटीचा अर्थ व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतून आला.

एक चूक टाळा. ‘डोसिस’ आणि आपलं ‘दान’ यांचं मूळ एकच, ‘दा’ धातूचं. ‘गिव्ह’ आणि ‘गिफ्ट’ मात्र त्या कुळातले नाहीत. अर्थ जुळतो म्हणून त्यांना ‘दा’शी जोडू नका.