पार्किन्सनची ट्रायल: सही करण्याआधी रात्री एक फोन लावून बघा

ताई, तुमची पोस्ट वाचली. गोव्यात फोंड्याला बाबांना पार्किन्सन (कंपवात), परराज्यातल्या मोठ्या हॉस्पिटलाने नव्या गोळीच्या ट्रायलसाठी विचारलंय, आणि घरचे म्हणतात की म्हाताऱ्याचा उंदीर करतील. आईच्या वेळी आमच्या डिचोलीच्या घरात हेच चाललं होतं, म्हणून लिहितो. मी डॉक्टर नव्हे. आईचं झालं तेच बाबांचं होईल असंही नाही.

प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली खोटी गोळी, वगैरे तुम्हाला माहीत असेलच, ते सोडतो. उंदराच्या भीतीवर एवढंच सांगेन की २००९ पासून भारतात औषधाची ट्रायल सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदवणं सक्तीचं आहे. ती नेटवर कोणालाही बघता येते. नोंदणी क्रमांक मागा आणि स्वतः तपासा. 'स्टेम सेलची ट्रायल आहे, एवढे लाख भरा' असं कोणी म्हटलं तर चहासुद्धा न घेता उठा.

आम्हाला भोवलं ते ट्रायलचं ऑफिस. नाव घेत नाही.

ट्रायलमध्ये घेतलं की पेशंटला जवळ ठेवायला एक कार्ड देतात, त्यावर तातडीचा नंबर असतो. आई एका रात्री न्हाणीत पडली. कपाळाला खोक, वर उलट्या. १०८ बोलावून जवळच्या कॅज्युअल्टीत नेलं. तिथल्या डॉक्टरने साधा प्रश्न विचारला, ही गोळी कसली? आम्ही काय सांगणार? ट्रायल डबल ब्लाइंड, म्हणजे खरी गोळी की खोटी ते पेशंटलाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही, बाटलीवर नुसता आकडा. कार्डावरचा नंबर लावला तर तो ऑफिसातला लँडलाइन, संध्याकाळी कुलूप लागलं की वाजतच राहणारा. ट्रायलचं काम बघणाऱ्या कोऑर्डिनेटरचा मोबाइल बंद. तोवर उलट्या थांबवायला मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन देऊन झालं होतं. हे औषध मेंदूत डोपामिनचं, म्हणजे हालचाली सांभाळणाऱ्या रसायनाचं, काम अडवतं. पार्किन्सनवाल्याकडे मुळात डोपामिनचीच टंचाई, म्हणून त्याला ते देत नाहीत. सकाळी आई लाकडासारखी ताठ. तोंड उघडेना, नेहमीची लेव्होडोपाची (डोपामिन भरून काढणारी) गोळी गिळवेना, आणि गोळी चुकली म्हणून आणखी ताठ. रात्रपाळीच्या त्या पोराला मी दोष देत नाही. फोन कोणी उचलला असता तर एका वाक्याचं काम होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून फोन आला. काय विचारावं? "डायरी भरली का?" अर्ध्या-अर्ध्या तासाचे चौकोन असतात, पेशंट 'ऑन' (गोळी लागू, हालचाल मोकळी) होता की 'ऑफ' (असर उतरून ताठ) ते भरायचे. आई सलाईनवर आणि ह्यांना चौकोन हवेत! २०१९ च्या नियमांप्रमाणे पेशंटला भरती करावं लागलं की ट्रायलच्या मुख्य डॉक्टरने २४ तासांत एथिक्स कमिटीला (पेशंटांच्या हितावर लक्ष ठेवणारी समिती), स्पॉन्सरला (ट्रायल करवून घेणारी कंपनी किंवा संस्था) आणि केंद्रीय औषध नियंत्रकांना कळवायचं असतं. आम्हाला उत्तर मिळालं, "पुढच्या व्हिजिटला पेपर घेऊन या." शेवटी संमतीपत्रावर एथिक्स कमिटीचा पत्ता होता, तिथे रजिस्टर्ड पत्र टाकलं, तेव्हा कुठे चक्रं फिरली. इजा झाल्यास उपचार मोफत हाही नियम आहे, पण इजा ट्रायलमुळे नाही असं ठरलं की तो तिथेच थांबतो. सगळं भांडण त्या ठरण्यावर. आईला ट्रायलमधून काढून घेतलं. तसं कधीही, कारण न देता काढता येतं. पण एकटी देवळात जाणारी बाई, ती पुन्हा एकटी गेली नाही.

म्हणून कार्डावर जो नंबर येणार तो सही करण्याआधीच मागून घ्या आणि रात्री दहानंतर त्यावर स्वतः फोन लावा. कोण उचलतं आणि काय बोलतं ते बघा. मग एक कागद करा. त्यावर गोळ्यांच्या वेळा, आणि खाली ठळक: मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन, हॅलोपेरिडॉल नको. ही सगळी डोपामिन अडवणारी. चक्कर आली की सिनारिझिन सर्रास लिहून देतात, तेही याच यादीत. उलटीवर काय चालेल ते बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलातल्या तुमच्या न्यूरॉलॉजिस्टकडून लिहून घ्या, आणि ट्रायलचे कागद त्यांनाही दाखवा. लॅमिनेट करून एक फ्रीजवर, एक बाबांच्या खिशात.

मग जावं की नाही? माझं मत, जावं, पण बरं होण्याच्या आशेने नव्हे. एक्झेनाटाइड नावाच्या मधुमेहाच्या औषधावर २०१७ मध्ये छोट्या ट्रायलनंतर केवढा गाजावाजा झाला. २०२५ मध्ये १९४ पेशंटांच्या, ९६ आठवड्यांच्या ट्रायलचा निकाल आला, तर फरक शून्य. सुरुवातीला बाबा झकास चालायला लागले तरी लगेच नवस फेडू नका. पार्किन्सनमध्ये खोट्या गोळीच्या भरवशानेही मेंदूत डोपामिन सुटतं, हे २००१ मध्येच स्कॅनवर दिसलंय. आमची मावशी नारळ फोडून मोकळी झाली होती. व्हिजिटच्या तारखा ठरावीक दिवसांतच बसवाव्या लागतात, तेव्हा चवथ (गणेश चतुर्थी) कधी आहे ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायच्या दिवशी स्टेशनवर उभे राहाल.

जाता जाता, बाबांचे पाय उंबरठ्यापाशी चिकटतात असं लिहिलंय. अलीकडे-पलीकडे जमिनीवर पावलाच्या अंतराने रंगीत टेपच्या आडव्या पट्ट्या चिकटवा आणि पट्टी ओलांडायला सांगा. आईला औषधाइतकाच त्याचा उपयोग झाला. सगळ्यांना होतो असं नाही, पण खर्च टेपचा.

आणि तुम्ही लिहिलेली, काकांनी आणलेली ती खाजकुयलीच्या बियांची पूड. तिच्यात खरोखरच लेव्होडोपा असतं, म्हणून तर ती गंमत नाही. गोळीवर ती पडली की डोस नकळत वाढतो, हातपाय आपोआप वळवळायला लागतात, आणि ट्रायलचा हिशेबही बिघडतो. काका रागावले तर रागावू देत, पहिल्याच भेटीत ती पुडी ट्रायलच्या डॉक्टरांपुढे ठेवा. मागाहून कळलं तर बाबांना काढूनही टाकतील.