मुलाला काही झालं तर लष्कराचं विमान येतं का?

तुम्ही विचारलंय की नवऱ्याला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात नोकरी लागलीय, पहिलं पोस्टिंग आफ्रिकेत मिळेल असं दिसतंय, मुलगा तीन वर्षांचा आहे आणि सासूबाईही सोबत येणार आहेत. तिथे कुणी गंभीर आजारी पडलं तर लष्कराचं विमान येऊन घेऊन जातं, हे खरं का?

खरं आहे, पण त्या भरवशावर निघू नका. मेडिव्हॅक, म्हणजे पेशंटला उपचारांसाठी दुसरीकडे हलवणं, हे बहुतेक वेळा साध्या प्रवासी विमानाने आणि साध्या तिकिटावर होतं. इथे उपचार होणार नाहीत असं एम्बसीच्या मेडिकल युनिटला वाटलं की मंजुरी घेऊन पेशंटला लंडन, प्रिटोरिया अशा ठिकाणी किंवा थेट अमेरिकेत पाठवतात. लहान मुलासोबत एका पालकाच्या प्रवासाचा खर्च खातं करतं. पेशंटला बसून जाता येत नसेल तर खासगी एअर ॲम्ब्युलन्स मागवतात. 2014 मध्ये इबोलाचे अमेरिकन रुग्ण लायबेरियातून अटलांटाला आणले, तेसुद्धा फिनिक्स एअर या खासगी कंपनीच्या विमानातून. हवाई दलाची पाळी येते ती यातलं काही जमत नसेल, जखमी खूप असतील किंवा लष्कराचं विमान हाताशीच असेल तेव्हा. ऑगस्ट 1998 मध्ये नैरोबीच्या एम्बसीवर बॉम्बहल्ला झाला, तेव्हा गंभीर जखमींना हवाई दलाने जर्मनीतल्या लांडश्टुलच्या लष्करी रुग्णालयात नेलं होतं.

आमच्या मुलीला लष्करी विमान मिळालं, कारण लष्कराचा तळ जवळ होता आणि विमान तसंही जर्मनीला निघालं होतं. ते सी-17 होतं, म्हणजे हवाई दलाचं मोठं मालवाहू विमान. आत खिडक्या जवळजवळ नाहीत, आवाज एवढा की कानात बोळे घालूनच बसायचं, आणि थंडी. मधोमध लोखंडी खांबांना एकावर एक स्ट्रेचर अडकवलेले, आम्ही सोबतचे लोक भिंतीलगतच्या सीटवर. बोलणं ऐकू येत नाही म्हणून नर्स दर थोड्या वेळाने वाकून मुलीच्या बोटावरचं यंत्र बघायची आणि माझ्याकडे वळून अंगठा वर करायची. त्या माणसांबद्दल माझ्या मनात आजही फार कृतज्ञता आहे. अतिगंभीर पेशंट असेल तर नेहमीच्या नर्स-टेक्निशियनच्या जोडीला क्रिटिकल केअरचा डॉक्टर, नर्स आणि रेस्पिरेटरी थेरपिस्ट अशी वेगळी टीम चढते.

पण विमान उभं असलं तरी पेशंटला लगेच चढवता येतंच असं नाही. उंचावर केबिनमधला दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेएवढा असतो. शरीरात अडकलेली हवा फुगते, ऑक्सिजन कमी पडतो. छातीत हवा साठली असेल, पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, डोळ्याला मार असेल तर डॉक्टर आधी पेशंटला स्थिर करतात किंवा केबिनचा दाब वाढवून न्यायला सांगतात. म्हणजे पहिले काही तास तुमच्या शहरात काय आहे यावरच सगळं अवलंबून असतं.

म्हणून मेडिकल क्लिअरन्सच्या (परदेशी जाण्याआधीच्या वैद्यकीय मंजुरीच्या) फॉर्मवर मुलाचं काहीही लपवू नका, दम्याचा पंपसुद्धा. पोस्ट हातची जाईल या भीतीने लोक लपवतात. अहो, क्लास 2, म्हणजे ठरावीक ठिकाणांपुरतीच मंजुरी, मिळाला तर एवढंच होतं की त्याची सोय जिथे आहे अशी पोस्ट बघतात.

सासूबाईंचं मात्र आजच बघा. आई-वडील खात्याच्या वैद्यकीय योजनेत बसत नाहीत, म्हणजे त्यांच्यासाठी सरकारी मेडिव्हॅक नाही. त्यांचा आरोग्यविमा परदेशात चालतो का ते तपासा आणि एअर ॲम्ब्युलन्सचा खर्च देणारी वेगळी पॉलिसी घ्या. जुन्या आजारांबद्दलची कलमं नीट वाचा. त्यांना बीपी, शुगर असेल तर ही पॉलिसी झाल्याशिवाय त्यांचं तिकीट काढू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतेय.

दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर बाळंतपणासाठी साधारण 45 दिवस आधी पोस्टिंगच्या गावातून निघावं लागतं आणि नंतरही तितकेच दिवस बाहेर जातात. तेवढे दिवस मोठ्या मुलाकडे कोण बघणार, ते आधी ठरवा.

पोस्टची यादी आली की पसंती कळवण्याआधी तिथल्या मेडिकल युनिटला मेल करा. लहान मुलांसाठी व्हेंटिलेटर कुठे आहे, सुरक्षित रक्त मिळतं का, विमानतळावर रात्री विमान उतरतं का, मागच्या मेडिव्हॅकला फोन केल्यापासून पेशंट निघेपर्यंत किती तास लागले, हे सरळ विचारा. ते लोक खरं सांगतात. उत्तरं आली की मला पाठवा, आपण मिळून यादी लावू.