आधी वाचला, मग वाढवला

प्रश्न: व्हिपल आजार, म्हणजे मुख्यतः लहान आतड्याला होणारा एक जीवाणूसंसर्ग, इतका दुर्मिळ. त्याच्या जीवाणूचा जिनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचून साधलं काय?

उत्तर: बरंच. जॉर्ज व्हिपल यांनी हा आजार 1907 मध्ये नोंदवला. त्याचा जीवाणू, ट्रॉफेरिमा व्हिपली, प्रयोगशाळेत वाढवणं जमायला मात्र 2000 साल उजाडलं, तेही मानवी पेशींच्या आधारानं. नुसत्या पोषकद्रवात तो काही केल्या वाढेना. 2003 मध्ये जिनोम पूर्ण वाचला गेला तेव्हा उलगडा झाला: बरीचशी अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, तयार करण्याची जनुकंच त्याच्याकडे नाहीत. घरात चूल नाही, सगळं शेजाऱ्याकडून! मग ती आम्लं भरपूर असलेलं द्रव दिलं, आणि स्वारी पेशींशिवाय वाढू लागली. सावकाश, पण वाढली. जिनोम वाचून जीवाणूचं जेवण ठरवायचं, हे मला आजही फार सुंदर वाटतं.

प्रश्न: त्याचा जिनोम लहान आहे म्हणतात. किती?

उत्तर: डीएनएची सुमारे 9 लाख 27 हजार अक्षरं. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जीवाणूची साधारण 46 लाख असतात. आयतं मिळू लागलं की ते बनवणारी जनुकं हळूहळू गळून जातात.

प्रश्न: औषध ठरवताना याचा उपयोग होतो का?

उत्तर: होतो. या आजारावर दिल्या जाणाऱ्या को-ट्रायमोक्साझोल या प्रतिजैविकाच्या गोळीत दोन औषधं असतात. त्यातलं ट्रायमेथोप्रिम ज्या विकरावर (एन्झाइमवर) घाव घालतं, त्याचं जनुकच या जीवाणूत नाही. म्हणजे वार रिकाम्या जागी. काम करतं ते फक्त जोडीचं सल्फा. पण एवढ्यावरून कोणी गोळी परस्पर बंद करू नये, तो निर्णय डॉक्टरांचा.

प्रश्न: माझ्या लाळेच्या पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनए शोधणाऱ्या चाचणीत, हा जीवाणू सापडला. त्याचं जिनोम सिक्वेन्सिंग, म्हणजे जिनोमचं वाचन, करून घेऊ का?

उत्तर: नको. निरोगी माणसांच्या लाळेत आणि शौचातही तो सापडतो, आणि त्यातल्या बहुतेकांना आजार कधीच होत नाही. सिक्वेन्सिंगमधून जीवाणूची वंशावळ कळेल, तुम्ही आजारी आहात का ते नाही. त्यासाठी लहान आतड्याचा तुकडा काढून पीएएस रंग देतात. आजार असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली जंतू गिळणाऱ्या भक्षकपेशी किरमिजी कणांनी गच्च भरलेल्या दिसतात. पण रेंगाळणारी सांधेदुखी, जुलाब, उतरणारं वजन यांपैकी काही असेल तरच पोटविकारतज्ज्ञांना गाठा, आणि हा अहवाल सोबत न्या.