उत्तर: गोल्ड मेडलवाली वाईन सपक का निघाली, आणि ही मेडलं देतं कोण

प्रश्न थोडक्यात असा आहे की बाटलीवर गोल्ड मेडलचं स्टिकर बघून वाईन आणली, पाहुण्यांसमोर उघडली आणि ती अगदीच सपक निघाली, तर ही मेडलं खरंच चाखून देतात की एन्ट्री फी भरली की घरपोच येतात. चाखून देतात. फीही घेतात. दोन्ही खरं आहे आणि सगळा घोळ या दोन्हीच्या मधेच आहे. मी स्पर्धांच्या मागच्या खोलीत सहा वर्षं स्टुअर्ड म्हणून बाटल्या उघडल्यात आणि नंतर काही वर्षं पुढच्या खोलीत ग्लासांसमोर बसलोय, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो, वेळ असेल तेव्हा वाचा.

आधी मागची खोली, कारण निम्मी स्पर्धा तिथेच होते. वायनरीवाले प्रत्येक वाईनच्या तीन-चार बाटल्या पाठवतात, कुठे सहा पण मागतात. त्या द्राक्षाच्या जातीप्रमाणे, द्राक्षतोडणीच्या सालाप्रमाणे, गोडीप्रमाणे लावायच्या, मग फॉइल कापून टाकायची, बाटली पिशवीत घालायची, नंबर चिकटवायचा. पिशवीतली बाटली सुद्धा बोलते बरं का, जड बाटली असली की हातालाच कळतं की वायनरीला ही लाडाची आहे, झाकण स्क्रूचं की बुचाचं यावरून पण माणूस अंदाज बांधतो. म्हणून नीट चालवलेल्या स्पर्धेत बाटली जजला दिसतच नाही, मागे ओतायची आणि पुढे फक्त ग्लास न्यायचे. ग्लास सगळे एकाच आकाराचे, प्रत्येकात साधारण ५० मिली, बुडाशी नंबर. एका फेरीत दहा-बारा ग्लास, त्याला फ्लाइट म्हणतात. आता यात गंमत अशी की ओततानाच प्रत्येक बाटलीचा वास स्टुअर्डने घ्यायचा असतो, बूच लागलेली असेल (ओल्या पुठ्ठ्यासारखा, बंद तळघरासारखा वास येतो, बुचातून वाईनमधे उतरणाऱ्या टीसीए नावाच्या रसायनामुळे) तर ती बाजूला ठेवून दुसरी उघडायची. आणि दिवसाला शे-दोनशे बाटल्या हुंगल्यावर दुपारी चार वाजता स्टुअर्डचं नाक काय दर्जाचं राहिलेलं असतं हे मी माझ्यावरून सांगू शकतो. काही बाटल्या सुटतात. हे पुढे लागेल, लक्षात ठेवा.

पुढच्या खोलीत पांढरा कागद, चांगला उजेड, पाणी, साधा ब्रेड, थुंकायचं भांडं. परफ्यूम लावून आलेल्या माणसाला मी परत पाठवलेलं बघितलंय. अनुभवी जज काय करतो तर आधी सगळ्या फ्लाइटचा फक्त रंग बघतो, मग सगळ्यांचा वास, आणि तोंडात घेणं शेवटी, कारण तोंड आधी थकतं. रेडमधलं टॅनिन जिभेवर साचत जातं, सहाव्या-सातव्या ग्लासपर्यंत सगळंच तुरट लागायला लागतं. म्हणून अर्धे जण १ नंबरपासून सुरू करतात आणि अर्धे शेवटून, म्हणजे एखादी बिचारी नाजूक वाईन एका राक्षसी वाईनच्या मागे बसली असेल तर निदान निम्म्या जजना तरी ती ताज्या तोंडाने मिळते. तरी एकूण कल भडक वाईनकडे झुकतो हे मान्य करायला पाहिजे. बारा ग्लासांच्या गर्दीत जी जोरात ओरडते ती ऐकू येते, ओकच्या लाकडी पिंपाचा वास, जास्त फळ, जराशी साखर. जेवणाबरोबर हळूहळू उलगडणारी वाईन अशा ठिकाणी तीस सेकंदात मार खाते. अर्थात सगळं थुंकायचंच असतं, एकही घोट गिळायचा नाही, तरी संध्याकाळपर्यंत दात काळे आणि ॲसिडने इतके हुळहुळे होतात की लगेच ब्रश करायचा नाही ही पहिली शिकवण.

बसतात कोण? वाईनमेकर, सोमेलिए म्हणजे रेस्टॉरंटमधे जेवणाबरोबरची वाईन सुचवणारे, दुकानं आणि आयातदारांसाठी खरेदी करणारे बायर, लिहिणारे पत्रकार, वाईनचं शास्त्र शिकलेले ओनॉलॉजिस्ट. मास्टर ऑफ वाईन ही पदवीवाले पण असतात, ती परीक्षा १९५३ पासून आहे आणि आज जगभरात असे लोक चारशेच्या थोडे पुढे आहेत, म्हणजे प्रत्येक टेबलावर एक बसवायचा म्हटलं तरी पुरत नाहीत. खरं सांगायचं तर पदवीपेक्षा धंदा जास्त बोलतो. वाईनमेकर दोष शोधतो, त्याला पहिल्या वासातच कळतं की टाकीत काय चुकलं, आणि कधीकधी तो एवढा दोष शोधत बसतो की चांगल्या वाईनला पण नापास करतो. सोमेलिए जेवणाचा विचार करतो. बायरच्या डोक्यात विकली जाईल का हा प्रश्न आपोआप फिरत असतो. म्हणून पॅनल मिसळीचं लागतं, चार वाईनमेकर एका टेबलावर बसवले तर निकाल कोरडा येतो. मानधन बहुतेक ठिकाणी नाही किंवा नावापुरतं, येण्याजाण्याचा खर्च, राहायची सोय आणि बरोबरीच्या लोकांबरोबर बसायला मिळतं एवढंच. नवीन माणसाला आधी असोसिएट म्हणून बसवायची पद्धत ऑस्ट्रेलियातल्या शोमधे पक्की आहे, तो सगळं चाखतो, मार्क देतो, पण त्याचे मार्क धरत नाहीत. मीही असाच घडलो.

मार्कांची पद्धत सगळीकडे सारखी नाही. ऑस्ट्रेलियाची जुनी पद्धत २० पैकी, ३ रंगरूपाला, ७ वासाला, १० चवीला, आणि १८.५ ला गोल्ड, १७ ला सिल्व्हर, १५.५ ला ब्रॉन्झ. ओआयव्ही म्हणजे द्राक्ष आणि वाईनची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे तिच्या तक्त्यात १०० पैकी १५ दिसण्याला, ३० वासाला, ४४ चवीला आणि ११ एकूण मेळाला. डिकँटर या ब्रिटिश वाईन मासिकाच्या स्पर्धेत ८६ ला ब्रॉन्झ, ९० ला सिल्व्हर, ९५ ला गोल्ड. म्हणजे आकड्यांची आपापसात तुलना करूच नका, एकाचे ९० म्हणजे दुसऱ्याचे ९० नव्हेत.

आता सरासरीची गंमत बघा. तीन जज, २० पैकी मार्क, बेरीज करायची, ६० पैकी ५५.५ आले तर गोल्ड, ५१ आले तर सिल्व्हर. दोघांनी १९-१९ दिले, त्यांना वाईन प्रचंड आवडली. तिसऱ्याने १५ दिले, त्याच्या मते ब्रॉन्झच्याही लायकीची नाही. बेरीज ५३, मिळालं सिल्व्हर. टेबलावर एकाही माणसाला ती सिल्व्हर वाटली नव्हती! आणि तिघांनाही ठीकठाक वाटलेली, १७.५ वाली वाईन पण सिल्व्हरच. दुकानात दोघी शेजारी शेजारी सारखंच स्टिकर लावून उभ्या. म्हणून चांगला चेअरमन नुसती बेरीज करून पुढे जात नाही, फरक मोठा दिसला की ग्लास परत मागवतो आणि बोलायला लावतो. आणि बोलायला लावताना सगळ्यात ज्युनिअरला आधी विचारतो, नाहीतर मोठ्या नावाने आधी आकडा सांगितला की बाकीचे आपला खोडरबर काढतात.

असोसिएट असतानाचा एक प्रसंग सांगतो. रेडची फ्लाइट होती, चार नंबरला मी १८.५ लिहिले. तिघा जजनी सांगितले १५, १५.५, १५. मी कागद हाताने झाकायला लागलो होतो तेवढ्यात त्या तिघांतले चेअरमन म्हणाले तुझं काय. सांगितलं. कोणीतरी हसलं पण. ते म्हणाले तुझा ग्लास इकडे दे. त्यांनी वास घेतला, मग स्वतःच्या ग्लासचा घेतला, परत माझ्या, आणि काही न बोलता स्टुअर्डला बोलावलं. झालं असं होतं की पहिली बाटली आधीच्या टेबलाला थोडी गेलेली, त्यामुळे तिघांचे ग्लास भरून ती संपली आणि माझा ग्लास दुसऱ्या बाटलीतून भरला होता. पहिलीला बूच अगदी हलकंसं लागलं होतं. इतकं हलकं की पुठ्ठ्याचा वास येत नव्हता, फक्त फळ मेलेलं होतं. असं टीसीए सगळ्यात वाईट, कारण वाईन खराब वाटत नाही, सपक वाटते. तिसरी बाटली उघडली, सगळ्यांना नवीन ग्लास, आणि त्या वाईनला गोल्ड मिळालं. माझे मार्क धरले गेले नाहीतच, पण त्या दिवशी ओतणारा जर पहिल्या बाटलीत घोटभर जास्त शिल्लक ठेवून गेला असता तर ती वाईन रिकाम्या हाताने घरी गेली असती.

बाटल्यांचं सोडा, जजसुद्धा तेवढेच बेभरवशाचे निघतात. रॉबर्ट हॉजसन म्हणून कॅलिफोर्नियातले निवृत्त प्राध्यापक, स्वतः छोटी वायनरी चालवणारे, त्यांनी कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या जजवर प्रयोग केला आणि २००८ मधे छापला. ३० ग्लासांच्या फ्लाइटमधे एकाच बाटलीतली वाईन तीन वेळा गुपचूप घालायची. तिन्ही वेळा एकाच मेडलच्या पट्ट्यात मार्क देऊ शकलेले जज साधारण १० टक्के. दुसरे साधारण १० टक्के असे की त्याच वाईनला एकदा ब्रॉन्झ आणि एकदा गोल्ड. पुढच्या वर्षी त्यांनी अमेरिकेतल्या १३ स्पर्धांचे निकाल तपासले, तीनपेक्षा जास्त स्पर्धांना गेलेल्या २,४४० वाईनपैकी ४७ टक्क्यांना कुठे ना कुठे गोल्ड होतं, आणि त्या गोल्डवाल्यांतल्या ८४ टक्क्यांना दुसऱ्या एखाद्या स्पर्धेत काहीही मिळालेलं नव्हतं. हे वाचून लोक म्हणतात बघा सगळं थोतांड. पण त्यांच्या पहिल्या, २००८ च्या अभ्यासात एक गोष्ट आहे जी कोणी सांगत नाही, जज नावडत्या वाईनबाबत जास्त ठाम निघाले. म्हणजे वाईट काय हे त्यांना पुन्हा पुन्हा तेच कळतं, चांगल्यातलं जास्त चांगलं कुठलं हे मात्र दर वेळी हलतं. माझा अनुभव तंतोतंत हाच. आमच्या चेअरमननी एकदा सकाळची एक व्हाइट दुपारच्या फ्लाइटमधे परत घातली होती, मी सकाळी सिल्व्हर दिलेलं आणि दुपारी 'फळ कमी, पाणचट' असं लिहून काहीच दिलं नव्हतं. दोन्ही कागद त्यांनी शेजारी शेजारी ठेवून मला दाखवले, चारचौघात नाही, एवढे उपकार.

पॅरिसची १९७६ ची चाचणी सगळ्यांनी ऐकलेली असते, फ्रेंच जजनी लेबल न बघता कॅलिफोर्नियाच्या वाईन पहिल्या ठरवल्या ती. भरवणारा स्टीव्हन स्परिअर, पॅरिसमधला ब्रिटिश वाईन व्यापारी. धरले ते फक्त नऊ फ्रेंच जजचे मार्क, २० पैकी, चर्चा काही नाही, सरळ बेरीज. शिवाय व्हाइटचा निकाल त्याने रेड चाखायच्या आधीच सांगून टाकला, म्हणजे दुसऱ्या फेरीला जज चिडून, अमेरिकन कुठली ते हुडकायच्या नादात बसले. आज कुठलाही चेअरमन असं करणार नाही. पुढे हाच स्परिअर डिकँटरच्या स्पर्धेचा चेअरमन झाला, तिथे ज्या त्या प्रदेशाची वाईन त्या प्रदेशाच्या जाणकारांच्या पॅनलपुढे जाते आणि मार्क बोलून ठरतात. लंडनचं इंटरनॅशनल वाईन चॅलेंज, १९८४ पासूनचं, तिथे पहिल्या फेरीत बाहेर काढलेल्या वाईन वरिष्ठ लोक परत चाखून बघतात, कोणावर अन्याय झाला का म्हणून. मला विचाराल तर स्पर्धा किती गंभीर आहे हे जजच्या यादीपेक्षा अशा दुसऱ्या नजरेवरून ओळखावं.

आता पैशाचं. फी सगळेच घेतात, त्याशिवाय हॉल, ग्लास, माणसं कुठून येणार. विजेत्यांना स्टिकर विकतात, ते पण उत्पन्न. गडबड तेव्हा होते जेव्हा मेडल जितकी जास्त तितकी स्टिकर जास्त हे गणित चालवणाऱ्याच्या डोक्यात बसतं. ओआयव्हीच्या नियमाने आलेल्या वाईनपैकी ३० टक्क्यांच्या वर मेडल देता येत नाही, जास्त झाली तर खालून कापायची. हा नियम न पाळणाऱ्या कित्येक स्पर्धांमधे निम्म्याहून जास्त वाईन मेडल घेऊन जातात. २०२३ मधे बेल्जियमच्या एका टीव्ही कार्यक्रमाने सुपरमार्केटमधली एक अगदी स्वस्त, मुद्दाम वाईट म्हणून निवडलेली वाईन खोटं लेबल लावून एका स्पर्धेला पाठवली आणि तिला गोल्ड आलं. आणि समजा स्पर्धा प्रामाणिक असली तरी वायनरीने पाठवलेली टाकी आणि दुकानात गेलेली टाकी एकच असेल कशावरून? न्यूझीलंडमधे २००६ साली यावरून मोठा गदारोळ झाला होता. म्हणून चांगल्या स्पर्धा किती बाटल्या तयार आहेत ते विचारतात, आणि काही तर गोल्डवाली बाटली बाजारातून विकत आणून ताडून बघतात.

तर तुमच्या बाटलीकडे येतो. तुम्ही लिहिलंय 'वास नाही, चव नाही, खराब पण नाही, नुसती सपक.' हे वाचून मला पहिला संशय बुचाचा येतो, वरच्या प्रसंगासारखाच. बाटलीला स्क्रूचं झाकण असेल तर मात्र तो जवळपास बाद, मग एकतर ती उन्हात पडून राहिलेली किंवा मेडल दुसऱ्याच सालाचं. हे फार होतं, २०१९ च्या वाईनला मिळालेलं मेडल लोक वायनरीच्या नावाने मिरवतात आणि २०२१ च्या बाटलीशेजारी पोस्टर लावतात. स्टिकरवर बारीक अक्षरात स्पर्धेचं नाव आणि साल असतं. ते साल वाईनच्या सालाच्या आधीचं असेल तर ते मेडल या वाईनचं असूच शकत नाही. बाटली अजून टाकली नसेल तर स्टिकरचा, लेबलचा आणि बूच असेल तर त्याचा जवळून फोटो टाका, कुठली स्पर्धा आहे ते बघून पुढचं सांगतो.