जुना गार्डन ट्रॅक्टर: सांगितलेली किंमत द्यावी का?

रंगावर आणि नव्या सीटवर जाऊ नका. पहिल्या खरेदीत बहुतेकांची फसगत तिथेच होते.

बघायला जाण्याआधी मालकाला सांगून ठेवा की इंजिन सुरू करू नका, थंडच राहू द्या. गरम इंजिन सुरू होण्यातली कुरकुर लपवतं. पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावून बघा. सुरू केल्यावर निळा धूर येतच राहिला तर इंजिन ऑइल जाळतंय. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं ट्रान्समिशन, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारा भाग. ते हायड्रोस्टॅटिक (गिअरऐवजी तेलाच्या दाबावर चालणारं) असेल तर वीसेक मिनिटं चालवून गरम होऊ द्या, मग हलक्या चढावर न्या. थंड असताना झोकात चालणारा ट्रॅक्टर गरम झाल्यावर चढावर दम टाकत असेल, तर सरळ नाही म्हणा. इंजिन दुरुस्त होतं. ट्रान्समिशन बदलायचा खर्च कधी कधी ट्रॅक्टरच्या किमतीपुढे जातो.

मग इंजिन बंद करून, स्पार्क प्लगची वायर काढून:

- गवत कापायच्या डेकचा पत्रा खालून स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, गंजून भुगा होतोय का.
- जाड हातमोजे घालून पाती फिरवा. खरखर म्हणजे बेअरिंग गेलं.

टायर, बॅटरी, बेल्ट जुने असले तर घाबरू नका, तेवढी किंमत कमी करून मागा. आणि मॉडेल नंबर टिपून पार्ट मिळतात का, हे पैसे देण्याआधी विचारा. अवर मीटरवर (ट्रॅक्टर किती तास चालला ते दाखवणाऱ्या मीटरवर) भिस्त ठेवू नका, तो बदलता येतो.